पहाटेची मशेरी

टोपी उतरली आणि शालनला सगळ्यात आधी काय झालं असेल, तर मशेरीची तलफ आली.

"कसं वाटतंय, मावशी?" तंत्रज्ञाने विचारलं.

"झ्याक वाटतंय," शालन म्हणाली आणि जिभेने आतल्या आत हिरडी चाचपली. खोटं बोलायची तिला हौस नव्हती. पण बाहेर बाकावर तिचा मुलगा सुहास बसला होता. उसावर औषध मारायला भाड्याने आणलेला ड्रोन तसाच बांधावर टाकून तो आईला घेऊन आला होता. पहिल्याच दिवशी त्याचं तोंड पाडायचं तिच्या जिवावर आलं.

आता ही टोपी म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, कारण तालुक्यात तिच्याबद्दल वाट्टेल ते बोललं जायचं. कुणी म्हणे करंट देतात, कुणी म्हणे मेंदू धुतात. सरकारने सगळ्यांना टोपी घातली, हा विनोद तर पारावर इतक्यांदा झाला होता की त्यावर आता कुणी हसतही नसे. खरा प्रकार असा. माणूस एखादी गोष्ट आठवतो तेव्हा मेंदू ती नुसती बघत नाही, ती पुन्हा घडवतो. त्यानंतर काही तास ती आठवण तिंबलेल्या कणकेसारखी मऊ असते आणि मग पुन्हा घट्ट होऊन आपल्या जागी बसते. प्रत्येक आठवणीला मेंदूने आणखी एक गोष्ट चिकटवलेली असते: हे हवंय की नकोय, आणि किती हवंय. व्यसनात हा चिकटा प्रमाणाबाहेर वाढतो. बाटलीचं बूच निघाल्याचा नुसता आवाज आला तरी घसा कोरडा पडतो तो त्याच्यामुळे. टोपीतून निघणाऱ्या, कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी कवटीच्या आत खोलवर त्याच जागी एकवटतात. माणसाने आपलं व्यसन आठवायचं, आठवण मऊ झाली की लहरींनी तो चिकटा सैल करायचा. पाच-सहा बैठकांत ओढ जाते आणि आठवण राहते. दारू कशी लागायची हे माणूस नंतरही सांगू शकतो, फक्त त्याला ती प्यावीशी वाटत नाही.

त्या टोपीने कितीतरी घरं सावरली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. शालनचं स्वतःचं घर त्यातलंच एक होतं.

तिला स्वतःला टोपीखाली बसायची वेळ आली ती डाव्या गालाच्या आतल्या पांढऱ्या चट्ट्यामुळे. गावात तपासणीची गाडी आली होती, तिथल्या डॉक्टरांनी तोंडात कॅमेरा घातला आणि पडद्यावर तिला तिचाच गाल दाखवला. "हा अजून कॅन्सर नाही," ते म्हणाले. "पण त्या वाटेवर आहे. मशेरी थांबली तर मागे फिरेल. नाही थांबली तर मी काही सांगू शकत नाही." शालनने मान डोलावली, घरी आली, आणि धास्तीने आधी चिमूटभर मशेरी लावली. तिला सुचण्यासारखं तेच होतं.

सुहासला कळलं तसा तो हात धुऊन मागे लागला. टोपी घाल, टोपी घाल. सून कामाला पुण्याला, नातू तिच्याबरोबर, घरात ही दोघंच. तेव्हा शालनला सुटका अशी नव्हतीच. शेवटी ती तयार झाली. तालुक्याच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या माणसाने पितळेच्या वाटीत तंबाखू तापवून तिच्या नाकाशी धरली आणि सांगितलं, "डोळे मिटा आणि मशेरी आठवा. जितकं मन लावून आठवाल तितकं काम चांगलं होईल."

शालनने मन लावून आठवलं. आठवायला काय लागतंय! परसदार आठवलं. चूल, चुलीवर ठेवलेलं काळंकुट्ट खापर, त्यावर तडतडणारी तंबाखूची पानं, आणि ठसका लागू नये म्हणून पदर नाकाला लावून हसणारी हिराक्का.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे शालन नेहमीप्रमाणे परसदारी जाऊन बसली. डबीतली मशेरी तळहातावर घेतली, बोट फिरवलं, हिरडीला लावलं. नेहमीसारखीच लागली. टोपीने काडीचाही फरक पडलेला नव्हता, उलट एक दिवस कळ काढल्यामुळे जास्तच गोड लागली. मग तिने सवयीने शेजारच्या धुण्याच्या दगडाकडे बघितलं. हिराक्काची ती जागा. ती जाऊन चार वर्षं झाली होती, पण रोज त्या दगडाकडे बघितलं की शालनच्या पोटात कालवायचं. "चला आक्का, उजाडलं," असं ती अजूनही म्हणायची.

आज काहीच झालं नाही. दगड दिसला. तो धुण्याचा दगड होता.

शालन घाबरली. तिने हिराक्काला मुद्दाम आठवलं. अठरा वर्षांची शालन लग्न होऊन या घरात आली तेव्हाची. सासू कडक, नवरा बुजरा, माहेर नदीपलीकडे. दिवसभर डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं. तेव्हा थोरल्या जावेने, म्हणजे हिराक्काने, तिला पहाटे मनगटाला धरून परसदारी नेलं होतं. पुरुष झोपलेले, सासू देवपूजेत. बायकांना स्वतःची म्हणून मिळायची ती एवढीच वेळ. "रडतीस काय गं बारक्या पोरीवानी? घे, बोट घाल तोंडात," हिराक्का म्हणाली होती. "तोंड चालू ऱ्हायलं की डोळं गप बसत्यात." शालनला चक्कर आली, उलटी झाली, आणि हिराक्का इतकी हसली की तिलाच ठसका लागला. त्या दिवसापासून पहाट त्या दोघींची झाली. सासूची नक्कल तिथे व्हायची. नवऱ्यांची उणीदुणी तिथे निघायची. सुहासच्या वेळचे दिवस गेल्याचं शालनने नवऱ्याच्याही आधी हिराक्काला सांगितलं ते त्याच दगडाशी बसून.

सगळं आठवत होतं. एकही गोष्ट विसरली नव्हती. पण शेजारणीच्या घरची हकिगत ऐकावी तसं ते आठवत होतं. हिराक्का झोपेतच गेली तो दिवससुद्धा तिने आठवून बघितला. डोळे कोरडे.

"आई गं," शालन मोठ्याने म्हणाली. आपल्याला काय झालंय ते तिला लगेच कळलं, कारण घरातच तिने ते बघितलं होतं.

सुहास प्यायचा. साधंसुधं नाही, पार यकृत सुजेस्तोवर. त्याची दारू सुरू झाली ती बापाबरोबर. ऊस कारखान्याला गेला की संध्याकाळी आबा आणि सुहास मोटरीच्या खोलीबाहेर बाजल्यावर बसायचे, एकेक घ्यायचे, आणि आबा, जे घरात चार शब्द बोलायचे नाहीत, ते तिथे खदाखदा हसत पोराला त्याच्या आजोबांच्या गमती सांगायचे. आबा गेल्यावर सुहास एकटाच त्या बाजल्यावर बसायला लागला, आणि मग उठेचना. टोपीने तो उठला. आता शेत सोन्यासारखं होतं, हप्ते वेळेवर जात होते, सून परत नीट बोलायला लागली होती. मात्र आबांच्या वर्षश्राद्धाला सुहासने सगळं यथासांग केलं, पान वाढलं, कावळ्याची वाट बघितली, आणि कावळा यायला वेळ लागला तेव्हा घड्याळ बघितलं. शालनने ते बघितलं होतं आणि गिळून टाकलं होतं.

*

दुसऱ्या बैठकीला ती गेलीच नाही. म्हणजे एसटीने केंद्रावर गेली. चालक नसलेली एसटी, पण कंडक्टर अजून होता आणि सुट्ट्या पैशांवरून अजून भांडत होता. तिथे पोचल्यावर मात्र तिने टोपीच्या खोलीत पाऊल टाकायला साफ नकार दिला. सुहासने समजावलं, तंत्रज्ञाने समजावलं. शेवटी वैतागून तिला बोळकांडीच्या टोकाच्या खोलीत पाठवलं. टोपी ज्यांना लागू पडत नाही किंवा नको असते, त्यांना निलोफर मुजावर ही मानसोपचारतज्ज्ञ बघत असे. तिच्याबद्दल केंद्रात चेष्टेने म्हणायचे की मुजावर मॅडमकडे गेलं की थोडी थोडी घ्यायला मोकळीक मिळते.

निलोफर मिरजेची, तिशीची, गालाला खळी पडणारी पोरगी होती. तिने शालनला चहा मागवला आणि विचारलं, "मावशी, आज सकाळी मशेरी लावली?"

शालनने सुहासकडे बघितलं. "लावली."

"कशी लागली?"

असा प्रश्न शालनला जन्मात कुणी विचारला नव्हता. नवऱ्याने नाकं मुरडली, डॉक्टरांनी भीती घातली, पोराने शपथा घातल्या. कशी लागली, हे कुणी म्हणून विचारलं नव्हतं. तिला एकदम हुंदका आला.

"मशेरी लागली गं नेहमीसारखी. पर माझी हिराक्का गेली. तुमच्या टोपीनं माझी हिराक्का नेली."

मग निलोफरने तिला सगळं सांगायला लावलं. टोपीखाली काय आठवलं, कोण दिसलं, कशाचा वास आला. शालन बोलत गेली तशी निलोफर पुढे पुढे सरकून बसली, आणि शेवटी तिने कपाळावर हात मारून घेतला.

"मावशी, चूक आमची आहे. तुम्हाला मशेरी आठवा म्हटलं, आणि तुम्ही आठवली तुमची जाऊ. तुमच्या लेखी मशेरी म्हणजे तीच. लहरींना माणूस कोण आणि तंबाखू कोण हे कुठे कळतंय? जी आठवण मऊ होती तिचा चिकटा त्यांनी सैल केला. तंबाखूची तलफ होती तशीच राहिली, कारण तुम्ही तिच्याकडे बघितलंच नाही."

"मग पुढल्या बैठकीत नीट आठवंल ती," सुहास म्हणाला.

"नीट आठवलं तरी दोन्ही एकातच गुंतलंय, सुहासदादा. एक ओढलं की दुसरं निघणार. पुरुषांचं बहुतेक दारूच्या दुकानापासून सुरू होतं, म्हणून आमच्या लक्षात आलं नव्हतं."

सुहासचं दुकानापासून सुरू झालेलं नव्हतं.

"गेलेलं परत येईल का गं?" शालनने विचारलं.

"एकच बैठक झालीय. सैल झालंय, तुटलेलं नाही. कुणाजवळ तरी बोलत राहिलात तर बरंचसं परत धरेल. सगळं येईल असं वचन मी देणार नाही."

"आणि तो चट्टा? तो थांबणार आहे का यांच्या गप्पा होईपर्यंत?" सुहास चढ्या आवाजात म्हणाला.

"नाही थांबणार. म्हणून आजच सुरुवात करायची. मावशी, दिवसातून केव्हा केव्हा लावता?"

शालनने सांगितलं. पहाटे उठल्यावर. चहा झाल्यावर. जेवण झाल्यावर. दुपारी मालिका बघताना. आणि झोपताना चिमूटभर गालात दाबून.

"यातली हिराक्कांची कुठली?"

शालन विचारात पडली. "पहाटंची," ती म्हणाली. मग स्वतःच नवल वाटून म्हणाली, "अगं, फक्त पहाटंचीच. बाकीच्या माझ्या मीच लावून घेतल्या."

"मग बाकीच्यांचं बघू. पहाटेची मशेरी आज आहे तशी राहू दे."

सुहास उठून उभा राहिला. "म्हणजे तुम्ही आईला मशेरी लावायला परवानगी देताय?"

"परवानगी द्यायला मी कोण? त्या आज सकाळी लावूनच आल्यात," निलोफर शांतपणे म्हणाली. "तुम्ही म्हणता, आधी सगळी सोडा, मग आपण बोलू. मी म्हणते, आधी बोलू. रात्रभर गालात दाबून ठेवलेली चिमूट चट्ट्याला सगळ्यात वाईट. तेवढी जरी गेली तरी ती कमाईच आहे. कुठपर्यंत जायचं ते त्या ठरवतील. गाल त्यांचा आहे."

*

रात्रीची मशेरी सोडायला शालनला लई जड गेलं. निलोफरने दिलेल्या निकोटिनच्या गोळ्या चोखून तोंड शेणासारखं व्हायचं, झोप यायची नाही, सुहासवर उगाच खेकसायला व्हायचं. पण सुटली. मग दुपारची. मालिकेत सासू सुनेचा छळ करायला लागली की बोट आपोआप डबीकडे जायचं, म्हणून तिने मालिकाच सोडली आणि दुपारी निलोफरला फोन लावायला सुरुवात केली. फोनवर ती हिराक्का सांगायची. हिराक्काने सासूच्या नकळत डाळीच्या डब्यात लपवलेले परडीभर शेंगदाणे कसे काढले. हिराक्का कुस्त्या बघायला पुरुषांच्या गर्दीत मुंडासं बांधून कशी गेली आणि एका चुलत दिराने ओळखल्यावर त्यालाच कशी दरडावली. शालनच्या बाळंतपणात पावसाने पूल बंद झाला तेव्हा हिराक्काने सगळं एकटीने कसं निभावलं, आणि नंतर कोपऱ्यात जाऊन थरथरत मशेरी कशी लावली.

"थरथरत?" निलोफरने विचारलं. "घाबरल्या होत्या?"

"व्हय गं. मला दिसू दिलं न्हाई तिनं." आणि एवढं बोलून शालनचा आवाज अडकला. तिने गळ्याला हात लावून बघितला. खरंच अडकला होता. कितीतरी दिवसांनी हिराक्कासाठी आत काहीतरी हललं होतं. तिला इतका आनंद झाला की ती रडायचं सोडून हसतच सुटली, आणि पलीकडे निलोफरही.

मध्ये भाचीच्या लग्नात घोटाळा झाला. चार ओळखीच्या बायका जमल्या, एकीने डबी काढली, आणि शालनने दोन दिवसांत महिन्याची कसर भरून काढली. तोंड लपवत ती केंद्रात गेली. तिला वाटलं, आता ही पोरगी आपली खरडपट्टी काढणार. निलोफरने विचारलं, "लग्न कसं झालं? आणि घरी आल्यावर रात्रीची लावलीत?"

"न्हाई. ती न्हाई लावली."

"बघा! म्हणजे ती पक्की सुटलीय. चला, जेवणानंतरचीचं काय करायचं ते ठरवू."

जेवणानंतर शालन राखुंडीवर आली. भाताचं तूस जाळून केलेली, मीठ-लवंग घातलेली साधी राखुंडी, तंबाखूचा कण नसलेली. "माती चघळल्यासारखी लागती," अशी तिची रोजची तक्रार, आणि रोज लावायचीही. चहानंतरची कधी सुटली ते तिला कळलंच नाही. उरली पहाटेची. परसदारी बसून, अगदी निवांत, दगडाकडे बघत. दगडाकडे बघितल्यावर पोटात आता पुन्हा कालवायला लागलं होतं. पूर्वीइतकं नाही. पण कालवायचं.

सुहासलाही मानावं लागलं. त्याने तसं म्हटलं नाही, पण एके दिवशी बाजारातून येताना तो स्वतःच आईसाठी राखुंडीला लवंगा घेऊन आला.

*

पावसाळा सरता सरता डॉक्टरांनी पुन्हा तिच्या तोंडात कॅमेरा घातला, गालाचा तुकडा तपासायला पाठवला आणि आठवड्याने निकाल सांगायला बोलावलं. शालनने निलोफरला मुद्दाम बरोबर घेतलं होतं.

"चट्टा कितीतरी आक्रसलाय," डॉक्टर म्हणाले. "एवढा बदल मी अपेक्षिला नव्हता. पण पुढच्या बाजूला, जिथे बोट टेकतं, तिथे एक जागा कडक झालीय. तुकडा काढून तपासलाय. पेशी बदलायला लागल्यात. तेवढा भाग मी छोट्या शस्त्रक्रियेने काढून टाकतो. पण त्यानंतर एक चिमूटसुद्धा नको, बाई. पहाटेचीही नको."

तिथून मायलेक घरी आले. पायरीवर बसून सुहासने बूट काढले आणि तो आईकडे न बघता म्हणाला, "आता तरी टोपी घाल."

"आणि हिराक्का?"

"तुला काय वाटतं, मला कळत नाही माझं काय गेलंय ते?" सुहास एकदम म्हणाला. इतक्या वर्षांत तो यावर अवाक्षर बोलला नव्हता. "मला सगळं पाठ आहे. ते बाजलं, आबांचं हसणं, आजोबांची बैलाची गोष्ट. पाठ आहे, आई. पण माझ्या बापाला मी मिस करत नाही. श्राद्धाला मी घड्याळ बघितलं, तू बघत होतीस, मला माहीत आहे. पण मी जिवंत आहे ना? तुला मी जिवंत हवा होतो की रडणारा?"

शालनने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. लहानपणी फिरवायची तसा, कपाळापासून मागे.

"जिवंत हवा होतास रं. त्या टोपीच्या मी पाया पडंन. तुझं पोट पाण्यानं भरलं हुतं, तुला दुसरी वाट न्हवती. मला हाय."

"कुठली? डॉक्टरांनी सांगितलं ना, चिमूटसुद्धा नाही!"

"न्हाई लावणार की चिमूट. मशेरी सोडते. तलफ न्हाई सोडत."

सुहासला कळेना. शालनने लगेच निलोफरला फोन लावला, तो बाजूला बसून ऐकत राहिला.

"मावशी, मी सरळ सांगते," निलोफर म्हणाली. "टोपी घातलीत तर त्रास नाही, आणि परत लावाल ही भीती नाही. टोपीविना सोडलीत तर तलफ येणार. आधी फार जोरात, मग कमी, पण ही पहाटेची जन्मभर येऊ शकते. एखाद्या दिवशी तुम्ही हराल. आणि आता हरणं महागात पडेल. हे सगळं कळून सांगताय ना?"

"कळून सांगते, पोरी. तूच म्हणालीस, दोन्ही एकातच गुंतलंय. मग तलफ आली की हिराक्काबी येणार. तुमची टोपी तलफंला काढून टाकती. मला ती ठेवायचीय."

"माझ्याकडे असं ठरवलेलं कुणी आलं नाही आजवर," निलोफर म्हणाली. "मी आहे. पहाटे फोन केलात तरी चालेल. आणि मावशी, हरलात तर त्याच दिवशी सांगायचं, लपवायचं नाही."

"लपवून जाणार कुठं? तोंडात कॅमेरा घालताय की तुम्ही," शालन म्हणाली.

*

शस्त्रक्रियेचे टाके विरघळले, गाल बरा झाला, आणि एका पहाटे शालन पुन्हा परसदारी जाऊन बसली. दवाखान्यातून आल्यापासून ती मुद्दामच तिथे गेली नव्हती. हाताशी मशेरी नाही, राखुंडी नाही, गोळी नाही. नदीकडून गार वारं येत होतं. पलीकडच्या आळीत कुणीतरी अंगण झाडत होतं.

तलफ आली. आधी हिरडीत, मग घशाशी, मग अंगभर. तोंडाला पाणी सुटलं. हात कापायला लागला आणि बोट आपलं आपण ओठांकडे निघालं. शालनने ते दुसऱ्या हातात घट्ट धरलं. तिला वाटलं, आपल्याच्याने हे व्हायचं नाही. उठावं, पानवाल्याची टपरी उघडेस्तोवर दारात उभं राहावं. कशाला केली ही भलती हिंमत, निमूट टोपी घातली असती! आणि त्याच वेळी पानं तडतडल्याचा आवाज कानात आला, आणि पदर नाकाला लावून ठसकत हसणारी हिराक्का अशी काही समोर उभी राहिली की शालनच्या छातीत कळ उठली. ती चार वर्षांपूर्वीसारखी, पहिल्या दिवसासारखी, हमसून हमसून रडायला लागली.

आवाजाने सुहास बाहेर आला. आईची दशा बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"आई, लई त्रास होतोय का? मॅडमना लावू फोन?"

"नको," ती नाक ओढत म्हणाली. "बस हितं."

सुहास दगडावर बसला. तिने त्याचा हात आपल्या कापणाऱ्या हातात घेतला आणि तशीच रडत राहिली. रडता रडता मध्येच हसली, "काय बया हुती!" म्हणाली, आणि पुन्हा रडली. सुहास तिच्याकडे टक लावून बघत होता. हळूहळू हाताचा कंप कमी झाला.

"गेली?" त्याने विचारलं.

"गेली. चहाला आधण येईस्तोवर ऱ्हाती, मग जाती."

"म्हणजे संपलं का?"

"संपतंय कसलं? उद्या पहाटं परत येणार की."

सुहासने मान खाली घातली. आईचा हात त्याने सोडला नव्हता.

"बरंय तुझं, आई," तो म्हणाला, आणि चांगलं फटफटीत उजाडेपर्यंत तिच्या शेजारी बसून राहिला.